अर्ध्याला जरा कमी

५ मार्च २०१७, रविवार

आज पुन्हा! मोटार बंद, आणि बोर्डाचं झाकण लावलेलं.

सकाळी चटणीसाठी जवस भाजायला घेतले आणि मोटार विसरले. मी नेहमीच विसरते. आठवलं तशी पडवीत धावले — टाकी वाहून अंगणात तळं झालं असणार म्हणून. अंगण कोरडं. लाल बटण दाबलेलं. वरचं पत्र्याचं झाकण खाली ओढून कडी घातलेली.

झाकण मी कधीच लावत नाही. राजदीप लावायचा. "पाल शिरते, अल्का. पाल जाते ती जाते, मोटारही घेऊन जाते."

राजदीपला जाऊन वर्ष उलटलं. तेव्हापासून टाकी एकदाही वाहिलेली नाही. माझ्यासारख्या विसरभोळ्या बाईचं एवढं नशीब असतं?

हे फक्त इथं लिहिते आहे. दुसरं कुणाला सांगणार!

६ मार्च

सासूबाईंना — आईंना — विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही.

त्यांचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. खाटेवरून उठून मोरीपर्यंत जातात तेही भिंत धरून, वाटेत दोनदा थांबून. बोर्ड पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, पायऱ्या उतरून.

पण न विचारण्याचं खरं कारण ते नाही. त्या म्हणाल्या असत्या, "तोच असन." आणि मला तेच ऐकायचं होतं! म्हणून विचारलं नाही.

आमच्या घरात भूत हा शब्द शिवीसारखा. सासरे यादोराव छप्पन साली लहान वयात नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडून आले. त्यानंतर या घरात ना श्राद्ध झालं, ना कुणाच्या नावानं पान वाढलं गेलं. मी स्वतः वस्तीतल्या बायकांना सांगते — माणूस गेला की गेला, मागं राहतात ती त्याची कामं.

चौदा एप्रिलला माझं भाषण आहे. विषय 'अंधश्रद्धा आणि आपली मुलं'. विषय मीच सुचवलाय. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'लेखिका' छापलंय. वा रे लेखिका!

९ मार्च

हर्षिता पटलेचा फोन. राजदीपची विद्यार्थिनी. इथल्याच सुकडीची पोवारांची मुलगी, आता तिकडे परदेशात त्याच्याच प्रयोगशाळेत. तो गेल्यावर त्याचं अर्धवट काम तिच्या गळ्यात पडलं.

"काकू, पेटी खोलायची तारीख पक्की झाली. महिन्याच्या आखरीला."

पेटी. तिची पेटी वेगळी, माझी वेगळी.

राजदीप तिकडे वसतिगृहाच्या खोलीत झोपेत गेला. घरी आला तो पेटीतून, इतक्या दिवसांनी की बकाराम काकाजी माझा हात धरून म्हणाले, "नको उघडू बाई. आहे तसा राहू दे डोक्यात." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मी त्याचा चेहरा पाहिलाच नाही. एक लाकडी पेटी पाहिली, आणि लोक म्हणाले म्हणून मान्य केलं की आत तो आहे.

११ मार्च

झोप नीट नाही. त्याचं बोलणं आठवत बसले.

त्याचं काम त्यानं मला एकदाच नीट समजावलं होतं. गोंदियाला, राईस मिलच्या समोरच्या टपरीवर, चहा पिता पिता.

"समोर बघ. मिलमध्ये धान जातं. बाहेर काय येतं?"

"तांदूळ. कनकी. कोंडा. भुसा."

"सगळं मिळून वजन धानाइतकं भरलं पाहिजे ना? नाही भरलं तर?"

"काटा खोटा."

"किंवा?"

"कुणीतरी नेलं."

"हां! बाबांची त्यासाठी दोनदा झडती झाली. सगळ्यांसमोर धोतर सोडायला लावलं." हसत सांगितलं त्यानं. ही गोष्ट तो नेहमी हसतच सांगायचा. यादोराव त्याच मिलमध्ये हमाल होते. तूट निघाली की पहिला संशय हमालावर.

त्याची मिल म्हणजे कणांना वेग देणारं ते अजस्र यंत्र. वेगात आणलेले इलेक्ट्रॉन एकामागून एक शिशाच्या जाड ठोकळ्यावर सोडायचे. आत जाताना प्रत्येकाची ऊर्जा ठाऊक. आदळल्यावर जे जे निघतं ते सगळं मोजायचं. बेरीज जुळते. कोट्यवधी वेळा जुळते. पण एखाद्या वेळी ऊर्जा कमी भरली, आणि मागं ठेवलेल्या कुठल्याच यंत्राला काही दिसलं नाही, तर? तर आपल्या ओळखीचा नसलेला कुणी ती घेऊन भिंतीतून निघून गेला. असा कण, जो कशाला शिवत नाही, कशाला अडत नाही. विश्वात असं पुष्कळ काही दडलेलं आहे म्हणे. त्याचा भार जाणवतो, ते दिसत नाही.

"मग तू चोर शोधतोस!" मी म्हटलं.

"नाही. हमालानं नेलं नाही, एवढं शोधतो."

आणि एक नियम होता त्यांचा. मोठा कडक. अर्ध्याहून जास्त ऊर्जा हरवली असेल तरच ती तूट खरी धरायची. ही रेषा राजदीपनं आखली होती — मोजणी बघायच्या आधी. आणि रेषेच्या आसपासच्या सगळ्या नोंदी बंद करून ठेवलेल्या. कुणी बघायच्या नाहीत, त्यानंसुद्धा नाहीत. बाकी सगळी तपासणी संपली की मगच उघडायच्या. हीच ती हर्षिताची पेटी.

"आधी ठरवायचं, मग बघायचं," तो म्हणायचा. "उलटं केलं की माणसाला पाहिजे तेच दिसतं."

१३ मार्च

धुळवड. बाहेर आरडाओरडा. झाकण लावलेलं.

३० मार्च

पेटी उघडली.

"काकू, आत काहीच नाही. शून्य."

मी म्हटलं, बरं. माझ्या हातात कणकेचा गोळा होता, तो तसाच घट्ट धरून उभी राहिले.

पण ती फोन ठेवेना. "काकू... एक आहे पण. रेषेच्या बाहेर. जरासंच बाहेर. अर्ध्याला जरा कमी."

एकच तूट. बाकी सगळं जसं हवं तसं. मागची सगळी यंत्रं गप्प, कुठे खोट नाही. "इतनी साफ, काकू! सर असते तर नाचले असते."

रेषा थोडी खाली ओढली की ती तूट आत येते. एवढ्या वर्षांत कुणाला न सापडलेली गोष्ट, निदान तिची चाहूल. पण पेटी उघडल्यानंतर रेषेला हात लावायचा नाही.

"हां, पण उघडायच्या आधीच सरांनी ती बदलायचं ठरवलं असेल तर बात वेगळी. तिकडचे विचारतात, काही आहे का तसं. मी सगळं उलथंपालथं केलं, कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्याशी काही बोलले होते का, काकू? आखरी बार घरी आले तेव्हा?"

"आठवून सांगते," मी म्हटलं.

३१ मार्च

बोलला होता!

ऑक्टोबर होता, त्याचं शेवटचं येणं. टाकी धुवायला आत उतरला होता. मी गच्चीवर, तो आतून देईल तसं गढूळ पाणी बादलीनं ओतत होते. तो दिसत नव्हता, नुसता ब्रशचा खरखराट. आणि मग टाकीतून घुमून आवाज आला — "अर्धं म्हणजे जास्तच झालं. चाळीसवर आणायला पाहिजे." शंभरातले चाळीस. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "काही नाही. कामाचं."

शब्द न् शब्द ऐकू येतोय. टाकीतला घुमारासुद्धा.

त्या महिन्यात मी इथं एक ओळही लिहिलेली नाही. तो घरी असला की मी लिहीत नसे.

२ एप्रिल, रविवार

शोकसभा आठवली. आमच्या ज्युनिअर कॉलेजचे प्राचार्य माईकवरून बोलले, "जागतिक कीर्तीचे वैज्ञानिक." खाली उतरले आणि हळूच मला विचारलं, "सापडलं काय होतं पण त्यांना?"

"काही नाही," मी म्हटलं.

"अच्छा, अच्छा," म्हणाले. आणि बुंदीच्या पाकिटाकडे वळले.

सतरा वर्षं तिकडे-इकडे केली त्यानं. वर्षातून दोन महिने घर. मूलबाळ नाही. आणि त्याच्या नावापुढे काय? काही नाही! माझ्या एका वाक्यानं ते बदलतं. खोटं थोडंच बोलायचं आहे? त्यानं म्हटलेलं नुसतं पुढे पोचवायचं आहे.

आज आईंनाही विचारलं. त्या टाकी धुण्याच्या दिवशी त्या खाली अंगणातच बसलेल्या होत्या.

"आई, आठवतं का, राजदीप टाकीतून काही बोलला होता?"

त्यांनी डोळे मिटले. "बोलला ना. घुमत होता आवाज. खालपावेतो आला."

"काय बोलला?"

"कमी करा लागते म्हने काहीतरी."

"चाळीस म्हणाला ना?"

"हो. चाळीस. चाळीसच म्हने."

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. आता साक्षीला एकीच्या दोघी झालो!

४ एप्रिल

झाकण बंद. मी बोर्डासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "थांब ना जरा." चांगली शुद्धीवर होते.

१४ एप्रिल

भाषण झालं. चांगलं झालं म्हणतात. टाळ्या.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर खुशबू मेश्राम उभी राहिली — अंगणवाडीत काम करते, मागच्या उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. "मॅडम, राग नका येऊ देऊ. पन सर गेल्यावर तुमाले कधीच काही वाटलं नाही का? सर घरातच आहेत, असं?"

"नाही," मी म्हटलं. माईकवर. "कधीच नाही."

ती खाली बसली. तिचा चेहरा पडला. तिला एकटीला सोडून मी पुढे निघून गेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत तोच चेहरा.

१९ एप्रिल

हर्षिता. मेच्या शेवटी बैठक आहे, तिथं ठरणार. शून्य म्हणून छापायचं, का एक सापडली म्हणून.

"पप्पा रोज फोन करतात, काकू. तीन साल झाले, मिळालं का काही? नाही ना? मग ये वापस, लडका थांबलाय. परवा तर म्हणाले, 'जिसका अता-पता नहीं, उसको ढूँढने की पगार देते हैं क्या वहाँ?'" ती हसली, पण हसू लगेच तुटलं. "एक वाक्य लागते फक्त, काकू. तुम्ही ऐकलं असेल तर."

ओठावर आलं होतं. हो, ऐकलं. आईंनीही ऐकलं.

"बैठकीच्या आधी सांगते," म्हटलं. का थांबले कळत नाही. खुशबूला माईकवर इतक्या सहज 'नाही' म्हणून आले होते. मग 'हो' तरी माझं किती खरं असणार?

२० एप्रिल

भांडी घासता घासता हात थांबला.

चाळीस मी म्हणाले होते. आईंनी नंतर म्हटलं. मी म्हटल्यावर.

२३ एप्रिल, रविवार

ठरवलं. त्याच्याच रीतीनं. आधी ठरवायचं, मग बघायचं.

बुद्धपौर्णिमेला आई सडक अर्जुनीला लेकीकडे जाणार आहेत, आठवडाभर. त्या दिवसांत मी रोज सकाळी मोटार लावीन, झाकण वर ठेवीन, फाटकाला कुलूप घालून बाहेर पडेन. टाकी भरून वाहायच्या वेळेनंतरच परत येईन.

वीज गेली तर मोटार आपोआप बंद पडते. तो दिवस धरायचा नाही. मीच बंद करून विसरत असेन, अशीही शंका येते, म्हणून मी घरात नसलं पाहिजे. आई नाहीत, मी नाही, वीज आहे — आणि तरी परत आल्यावर मोटार बंद आणि झाकण लावलेलं असलं, तर तो आहे. मग मला कुणी काही म्हणो. मग मी हर्षिताला हो म्हणणार, आणि खुशबूकडे जाऊन तिलाही सांगणार.

आणि टाकी वाहिली तर? तर या घरात मला जे दिसतं, जे ऐकू येतं, त्यावर मी साक्ष देणार नाही. टाकीतल्या आवाजासकट.

यात मी बदल करणार नाही.

८ मे, सोमवार

आई गेल्या. नणंद घ्यायला आली होती. निघताना आई गाडीतून बोर्डाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. "मोटारीकडे ध्यान ठेवजो वो," म्हणाल्या.

९ मे

मोटार लावली, बाजारात गेले. आंबे घेतले, कुठले ते आठवत नाही. ओळखीचं कुणी भेटलं की बोलत उभी राहिले. घराकडे यायचं धैर्य होईना.

गल्लीच्या तोंडालाच शेजारच्या मुन्नीबाईचा आवाज. "ओ मास्टरनी बाई! कहाँ थी? आपकी टंकी तो गंगा हो गई! नहा लूँ क्या इधर ही?"

पाणी फाटकाखालून रस्त्यावर आलेलं. झाकण वर. जसं ठेवलं होतं तसं.

१० मे, पौर्णिमा

विहारात वंदनेला गेले. परत आले. वाहत होती.

११ मे

वीज गेली. धरत नाही.

मनात आलं, धरावं. धरलं नाही.

१२ मे

वाहत होती. मुन्नीबाई आता ओरडली नाही. फाटकाशी आली, माझ्याकडे बघत राहिली, आणि हळू आवाजात म्हणाली, "तबियत ठीक है ना, बाई?"

१३ मे

पाचव्यांदा लावायचीच नाही असं वाटत होतं. लावली. नियम म्हणजे नियम.

वाहत होती.

घरात इतकं शांत कधी नव्हतं. तो पहिल्यांदा गेला तेव्हा लोक होते, रडारड होती, कागदपत्रं होती. आता तो गेला तेव्हा मी एकटी, आणि गच्चीवरून पाणी पडतंय.

१६ मे, मंगळवार

आई काल आल्या. आज दुपारी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"आई, मोटार तुम्ही बंद करत होतात?"

"मंग कोन करन?"

"आणि झाकण?"

"तो लावत होता ना. मंग मी नाही लावीन का?"

"पण तुम्हाला चालवतं कुठे?"

"बसून बसून सरकतो. पानी वाया जाते ना वो." डाळीतला खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला. बोटांनीच कळतो त्यांना, एवढं बारीक दिसत नाही. "पयल्या खेपेले सांगनार होती तुले. तर तू आली धावत, अन् उभी रायली त्या बोर्डासमोर. हसली तू. कितीक दिवसांनी हसली. म्हटलं, वाटते हिले तर वाटू दे."

त्या सरकत, भिंत धरत जातात, मुलाच्या सवयीनं झाकण लावतात, आणि खाटेवर येऊन झोपल्याचं सोंग करतात, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या नावानं पान वाढलं नाही!

मग विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"आई, आणि टाकीतलं? चाळीस म्हणाला ते?"

त्या तूर निवडत राहिल्या. सूप पाखडलं. परत निवडायला घेतलं.

"तुले पायजे होतं ना," म्हणाल्या.

२१ मे, रविवार

हर्षिताला फोन केला. मीच केला.

"मला सांगता येत नाही," म्हटलं.

"म्हणजे सर बोललेच नाही?"

"तसंही नाही. मला ऐकू येतं ते. त्याच्या आवाजात ऐकू येतं. पण तू विचारलंस म्हणून ऐकू यायला लागलं, की आधीपासून होतं... हे मला सांगता येत नाही, बाळा."

"काकू, एक वाक्य आहे. कौन देखने वाला है?"

"हेच तू तुझ्या सरांना विचारलं असतंस?"

तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या हातातून काय काढून घेतलं ते मला ठाऊक आहे. माझ्याही हातातून तेच गेलं. उद्या कुणी पुन्हा विचारील, काय सापडलं त्यांना? आणि मी पुन्हा तेच म्हणेन.

२४ मे

अंगणवाडीत जाऊन खुशबूला भेटले. म्हटलं, त्या दिवशी मी माईकवर खरं बोलले नाही. वाटलं होतं मला. वर्षभर वाटत होतं.

"मंग? होते का सर?"

"नव्हते. आई होत्या."

ती हसली. मग डोळे पुसले. मग म्हणाली, "माह्या घरी तर सासूबी नाही."

तिच्याबरोबर बसून खिचडीच्या वाट्या विसळल्या.

३१ मे

हर्षिताचा निरोप, दोन ओळींचा. रेषा तशीच राहिली. निकाल शून्य म्हणून छापणार. नावांच्या यादीत राजदीपचं पहिलं, आणि नावावर एक लहानशी फुली. हयात नाही म्हणून.

मोटार मीच बंद करते आता. विसरत नाही. झाकण लावते. आई खाटेवरून बघतात.

लिहायला घेतलेली कथा पुढे सरकत नाही. त्यातली सगळी माणसं मला पाहिजे तेच बोलतात.

२ जुलै, रविवार

हर्षिताचा फोन आला. हसत होती का रडत होती, कळेना.

निकाल छापायला गेला आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या इंजिनियरनं तोंड उघडलं. राजदीपसोबत जेवायचा तो. ती एक तूट खरी नव्हतीच. शेवटचं घरी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात राजदीपनं स्वतःच्या हातानं बनवून ती मोजणीत सोडली होती. मुद्दाम तिथंच, अर्ध्याला जरा कमी. आपली माणसं मोहानं रेषा हलवतात का, ते बघायला. निकाल जाईपर्यंत बोलायचं नाही, असं दोघांत ठरलेलं. एकजण मध्येच गेला. दुसऱ्यानं शब्द पाळला.

"सरच होते ते, काकू. इतके दिवस सरच होते तिथं."

म्हणजे टाकीतून तो ते बोललाच नसणार. ज्यानं सापळा लावला तो रेषा कशाला हलवेल?

आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग आला होता तो?"

हो, म्हटलं. एकदाच. त्यानंच आखलेल्या रेषेच्या, उंबऱ्याच्या जरा बाहेर उभा होता. आणि मी त्याला आत घेतलं नाही.